नमाजाच्या वेळा आपल्या गावासाठी कशा काढायच्या?

निपाणी भागातल्या एका जमातीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मशिदीच्या भिंतीवर मिरजेहून आणलेला जुना छापील तक्ता आहे. त्याच्या शेजारी लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ आहे, ते कुणीतरी बेंगळुरूहून भेट दिलेलं. तरुण मुलांच्या मोबाइलमध्ये दोन वेगवेगळी ॲप आहेत. रमजानमध्ये या चारही ठिकाणी सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) आणि इफ्तारच्या (रोजा सोडण्याच्या) वेळा वेगळ्या दिसतात, आणि मग मशिदीच्या दारात वाद होतात. यातली खरी वेळ कोणती, आणि आपल्या गावाचा तक्ता आपल्यालाच करता येईल का?

करता येईल. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी या भागातल्या मशिदींसाठी मी बरीच वर्षं असे तक्ते करून देत आलो आहे. त्याला लागणारी त्रिकोणमिती दहावी-बारावीच्या पलीकडची नाही. पण आकडेमोडीला बसण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. नमाजाच्या वेळेत दोन वेगळे भाग असतात. एक हिशेबाचा: सूर्य अमुक दिवशी अमुक गावात किती वाजता कुठे असतो. यात कुणाचं मत चालत नाही, उत्तर एकच. दुसरा भाग फैसल्याचा: सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना फजर धरायची, असर एका सावलीवर की दोन सावल्यांवर, खबरदारीची किती मिनिटं ठेवायची. हे ठरवायचं उलेमांनी आणि जमातीने. मी पाहिलेले बहुतेक वाद हे दोन भाग एकमेकांत मिसळल्यामुळे झालेले आहेत. हिशेबाच्या चुकीला लोक मसलकीचा (पंथाच्या रीतीचा) फरक समजतात, आणि मसलकीच्या फरकाला हिशेबाची चूक.

कुरआनात सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत नमाज ठरलेल्या वेळी फर्ज असल्याचं सांगितलं आहे, आणि त्या वेळा आकाशातल्या खुणांवर बांधलेल्या आहेत. पहाटेचा उजेड क्षितिजावर आडवा पसरला की फजर सुरू होते आणि सूर्य उगवताच संपते. सूर्य डोक्यावरून ढळला की जोहर. सावली ठरावीक लांबीची झाली की असर. सूर्य पूर्ण बुडाला की मगरिब. संधिप्रकाश विझला की इशा. घड्याळ ही फक्त सोय आहे. मूळ खूण आकाशातच राहते. ही खूण आधीच गणिताने काढून ठेवणं हेही काही नवं नाही. जुन्या काळी मोठ्या मशिदींत त्यासाठी मुवक्कित नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत १४ व्या शतकात हे काम इब्न अल-शातिर करत असत, आणि ते त्या काळातले फार मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्याकडे तर गणिताची गरज आणखीच मोठी. खानापूर-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. तिथे मुअज्जिनाने आकाशाकडे पाहून अजान द्यायची म्हटलं तर असरची वेळ कळणारच नाही.

सुरुवात नेहमी दुपारपासून करायची, कारण बाकी सगळ्या वेळा तिच्या अलीकडे-पलीकडे मोजतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे. बेळगाव शहर जवळजवळ ७४.५ अंशांवर आहे, म्हणजे बरोबर ८ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या ३२ मिनिटं मागे चालतो. बेळगावात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२:३२ झालेले असतात. निपाणी आणखी किंचित पश्चिमेला, तिथे अर्धं मिनिट उशीर.

पण ही फक्त सरासरी झाली. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे होत राहतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो सव्वाचौदा मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेसोळा मिनिटं पुढे. म्हणून बेळगावात जवाल, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळण्याचा क्षण, ११ फेब्रुवारीला १२:४६ ला होतो आणि ३ नोव्हेंबरला १२:१६ ला. पुरा अर्धा तास! ज्या मशिदींत वर्षभर एकच जवालची वेळ लिहिलेली असते त्यांनी हा आकडा जरूर पाहावा. सूर्याचं बिंब माथ्याची रेषा पूर्ण ओलांडायला मध्यापासून आणखी एक मिनिट घेतं, तेवढं आणि थोडी खबरदारी धरून जोहर सुरू मानायची.

या हेलकाव्यामुळे आणखी एक गोष्ट घडते आणि लोक त्यावरून हमखास गोंधळतात. वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, म्हणून मगरिबही तेव्हाच सगळ्यात लवकर असणार असं वाटतं. तसं नाही. बेळगावात सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो, ५:५८ च्या सुमारास. २१ डिसेंबरला तो ६:०५ वर आलेला असतो. तसंच सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या उत्तरार्धात, ७:०३ ला. तक्त्यात असे आकडे दिसले की छापखान्याची चूक समजून ते दुरुस्त करू नका.

आता सूर्योदय, सूर्यास्त, फजर, असर आणि इशा. या सगळ्यांना एकच सूत्र पुरतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: गावाचा अक्षांश, त्या दिवसाची सूर्याची क्रांती (म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे), आणि हव्या त्या क्षणी सूर्याची क्षितिजापासूनची उंची. क्षितिजाखाली असेल तर उंची उणे धरायची. त्यातून होराकोन मिळतो, म्हणजे सूर्य दुपारच्या जागेपासून किती अंश फिरला आहे तो कोन. सूत्र असं:

होराकोनाचा कोसाइन = (उंचीचा साइन − अक्षांशाचा साइन × क्रांतीचा साइन) ÷ (अक्षांशाचा कोसाइन × क्रांतीचा कोसाइन)

आलेल्या कोनाला १५ ने भागलं की तास मिळतात. ते दुपारच्या वेळेतून वजा केले तर सकाळची वेळ, मिळवले तर संध्याकाळची.

एक दिवस करूनच दाखवतो. बेळगाव, २१ डिसेंबर. अक्षांश १५.८५, क्रांती उणे २३.४४, दुपार १२:३०. सूर्यास्तासाठी उंची शून्य धरायची नाही, उणे ०.८३३ अंश धरायची. कारण सूर्यास्त म्हणजे बिंबाची वरची कड बुडणं. बिंबाची त्रिज्या १६ कला (एक अंश म्हणजे ६० कला), आणि हवेमुळे प्रकाश वाकून सूर्य ३४ कला वर दिसतो. दोन्ही मिळून ५० कला. सूत्रातून कोन येतो ८३.८८ अंश, म्हणजे ५ तास साडेपस्तीस मिनिटं. सूर्योदय साधारण ६:५४ आणि सूर्यास्त ६:०५ च्या पुढे अर्धं मिनिट. त्याच दिवशी १८ अंशांची फजर हवी असेल तर उंची उणे १८ घाला. कोन १०३.१२, म्हणजे ६ तास साडेबावन्न मिनिटं, आणि पहाटेची वेळ ५:३७. संगणकावर करत असाल तर एक्सेल कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये मागतं. आधी रूपांतर करून घ्या. पहिल्यांदा करणाऱ्यांचे आकडे भलतेच येतात ते बहुधा यामुळे. क्रांती आणि घड्याळाचा रोजचा फरक भारत सरकारचं कोलकात्याचं खगोल केंद्र दरवर्षी छापतं. तिथून घेतलेला आकडा डोळे मिटून वापरता येतो.

इथे गावाच्या उंचीचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. काही ॲप ही उंची सूत्रात घालतात आणि सूर्यास्त चार मिनिटांनी पुढे ढकलतात, सूर्योदय तितकाच अलीकडे आणतात. हे आपल्याला लागू नाही. उंचावरून सूर्य उशिरा बुडताना दिसतो तो समोरचं क्षितिज खाली असेल तरच. बेळगावच्या भोवतीची जमीनही तितक्याच उंचीवर आहे, आपण पठारावर राहतो. चोर्ला घाटाच्या कड्यावर उभं राहून गोव्याकडे पाहिलं तर गोष्ट वेगळी, तिथे समुद्राकडचं क्षितिज खरंच खोल आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडावरही खालच्या गावापेक्षा सूर्य थोडा अधिक वेळ दिसतो. पण पठारावरच्या मशिदीच्या तक्त्यात गावाची उंची शून्यच धरायची.

याच्या उलट अडचण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला येते. तिथे मावळतीला डोंगर उभा असतो. सूर्य डोंगराआड गेला म्हणजे बुडाला असं नव्हे. तो पलीकडे अजून क्षितिजाच्या वरच असतो. अशा गावांत डोळ्यांनी पाहून रोजा सोडायची सवय असेल तर ती मोडा आणि तक्ता वापरा. अथणीकडची किंवा सौंदत्तीकडची काळी सपाट जमीन मात्र सूर्यास्त पडताळून पाहायला फार चांगली.

आता तुमच्या चार वेळांकडे येतो. आधी बेंगळुरूचं घड्याळ. अशा घड्याळात शहर निवडायची सोय असते आणि राज्य कर्नाटक म्हणून कुणीतरी राजधानी निवडून ठेवतं. बेंगळुरू ७७.५९ अंशांवर आहे, निपाणीच्या तीन अंशांहून अधिक पूर्वेला. शिवाय अक्षांशही १३ च्या आसपास, आपला १६.४. परिणाम असा की जूनमध्ये बेंगळुरूचा सूर्यास्त निपाणीच्या एकोणीस मिनिटं आधी होतो, डिसेंबरमध्ये सहा-सात मिनिटं आधी. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत रमजान असेल तर दहा ते तेरा मिनिटं आधी. म्हणजे त्या घड्याळावर इफ्तार केली तर सूर्य आकाशात असताना रोजा सुटतो. हा मसलकीचा फरक नाही, ही चूक आहे, आणि ती आजच्या आज दुरुस्त करा. घड्याळात अक्षांश-रेखांश भरायची सोय असेल तर निपाणीसाठी १६.४० आणि ७४.३८ भरा. नसेल तर कोल्हापूर निवडा. कोल्हापूर आणि निपाणी यांच्यात एखाद-दीड मिनिटाचाच फरक राहतो.

मिरजेचा तक्ता त्या मानाने खूपच जवळचा. मिरज तुमच्या पूर्वेला पाव अंश आणि थोडी उत्तरेला आहे. जूनमध्ये दोन्हीकडचा सूर्यास्त जवळजवळ एकच. डिसेंबरमध्ये मिरजेचा दोन मिनिटं आधी. तक्त्यात खबरदारीची मिनिटं आधीच धरलेली असतील तर तो चालून जातो, नसतील तर हिवाळ्यातला रोजा धोक्यात येतो. जुन्या तक्त्यावर ही मिनिटं धरली आहेत की नाही ते बहुधा लिहिलेलंच नसतं, आणि म्हणूनच तो बदलावा असं माझं मत आहे.

आमच्याकडे फार प्रचलित असलेल्या एका पद्धतीबद्दल इथेच बोलतो. मोठ्या शहराच्या तक्त्याखाली छापलेलं असतं की अमुक गावासाठी इतकी मिनिटं मिळवा, तमुक गावासाठी इतकी वजा करा. जोहरसाठी हे ठीक आहे, कारण जोहर फक्त रेखांशावर अवलंबून. सूर्योदय-सूर्यास्तात अक्षांशही येतो, आणि त्याचा परिणाम ऋतूप्रमाणे उलटतो. मुंबई आणि बेळगाव घ्या. मुंबई आपल्या पश्चिमेला, तिथली दुपार आपल्या पावणेसात मिनिटं नंतर. २१ जूनला बेळगावचा सूर्यास्त ७:०६ ला आणि मुंबईचा ७:१८ ला, फरक बारा-तेरा मिनिटांचा. २१ डिसेंबरला मात्र दोन्ही शहरांत सूर्य जवळजवळ एकाच मिनिटाला बुडतो. मग ‘बेळगावसाठी सात मिनिटं वजा’ हा नियम जूनमध्येही चुकतो आणि डिसेंबरमध्येही. घरातल्या दिनदर्शिकेवरचा सूर्यास्त बहुधा मुंबईचा असतो, तोही याच कारणाने आपल्या कामाचा नाही.

जिल्ह्याच्या आतसुद्धा हे दिसतं. अथणी बेळगावच्या पूर्वेला अर्ध्या अंशाहून थोडं जास्त आणि उत्तरेला जवळजवळ एक अंश. जूनमध्ये दोन्हीकडे इफ्तारची वेळ जवळपास एकच, डिसेंबरमध्ये अथणीत चार मिनिटं आधी. सूर्योदयाचं नेमकं उलट: जूनमध्ये अथणीत चार मिनिटं आधी, डिसेंबरमध्ये जवळपास बरोबर. रामदुर्ग तर पूर्व टोकाला, निपाणीशी तुलना केली तर नुसत्या रेखांशाचाच पावणेचार मिनिटांचा फरक. म्हणून ‘बेळगाव जिल्हा’ अशा नावाचा एकच तक्ता मी करून देत नाही. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण २७ किलोमीटरला एक मिनिट पडतं; पंचवीसेक किलोमीटरच्या आतल्या खेड्यांना तालुक्याच्या गावाचा तक्ता चालतो, त्यापुढे स्वतंत्र काढावा. बीदर-भालकीकडच्या मराठी मंडळींनी तर आमचे तक्ते अजिबात वापरू नयेत. बीदर आमच्या तीन अंश पूर्वेला आहे, तिथली दुपारच बारा मिनिटं आधी होते.

आता फैसल्याचा भाग. मोबाइलच्या दोन ॲपमध्ये फजरच्या वेळेत तेरा-चौदा मिनिटांचा फरक दिसत असेल, तर बहुधा एकात १८ अंश आणि दुसऱ्यात १५ अंश निवडलेले आहेत. हे अंश म्हणजे सूर्य क्षितिजाखाली किती खोल असताना सुबह सादिक (खरी पहाट) मानायची ते. कराचीच्या इस्लामी विद्यापीठाच्या पद्धतीत फजर आणि इशा दोन्ही १८ अंशांवर. मुस्लिम वर्ल्ड लीगच्या पद्धतीत फजर १८, इशा १७. उत्तर अमेरिकेतल्या इस्ना या मुस्लिम संघटनेच्या पद्धतीत दोन्ही १५. इजिप्तची पद्धत १९.५ आणि १७.५. मक्केच्या उम्मुल कुरा पद्धतीत फजर १८.५ वर आणि इशा मगरिबनंतर सरळ ९० मिनिटांनी, रमजानमध्ये १२० मिनिटांनी. ॲप बनवणारा यातली एखादी आधीच निवडून ठेवतो आणि आपण ती न पाहताच वापरतो. बेळगावात १८ आणि १५ अंशांमधला फरक डिसेंबरमध्ये तेरा मिनिटांचा आणि जूनमध्ये साधारण पंधरा मिनिटांचा पडतो.

आपल्या भागातल्या हनफी (इमाम अबू हनीफांची परंपरा मानणाऱ्या) मशिदींत १८ अंशांचीच रीत आहे आणि मी तीच धरतो. सूरह बकराच्या १८७ व्या आयतीत पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा आहे. ती पांढरी रेघ क्षितिजावर आडवी पसरते. तिच्या आधी कधीकधी उभा, निमुळता उजेड दिसतो. त्याला सुबह काजिब म्हणतात आणि हदीसच्या शिकवणीत तो लांडग्याच्या शेपटीसारखा सांगितला आहे. सूर्याभोवतीच्या धुळीवर पडलेल्या प्रकाशाचा तो परिणाम. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर, गावाच्या दिव्यांपासून लांब शेतात, पूर्वेला मोकळं आकाश असेल तर तो तुम्हालाही दिसू शकेल. तरुण मुलांना एकदा तरी हे दाखवायला न्या. ज्याने उभा आणि आडवा उजेड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याला अंशांचा वाद कशाबद्दल आहे ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

या वादातून वाट काढणं आपल्याकडे फारसं अवघड नाही. सहरी १८ अंशांवर बंद करा आणि फजरची अजान त्यानंतर वीस मिनिटांनी द्या. मग १८ वाल्याचाही रोजा सुरक्षित आणि १५ वाल्याचीही नमाज वेळेत. हनफी मशिदींत फजरची जमात (एकत्र नमाज) तशीही उजाडता उजाडता होते, त्यामुळे जमातीला काहीच बाधा येत नाही. इशाचंही तसंच. इमाम अबू हनीफांच्या मते पांढरा संधिप्रकाश जाईपर्यंत थांबायचं. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, लाली गेली की पुरे मानतात. १८ अंश धरले तर बेळगावात इशा सूर्यास्तानंतर ७१ ते ८१ मिनिटांत येते. जूनमध्ये ८:२७, डिसेंबरमध्ये ७:२३. जमात साडेआठ-पावणेनऊला असेल तर वर्षभर कुणाचाच आक्षेप राहत नाही.

असरचा फरक यापेक्षा मोठा, आणि तो खरोखरच मजहबचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरेचा, आहे. शाफई मजहबात वस्तूची सावली दुपारची मूळ सावली अधिक वस्तूच्या उंचीएवढी झाली की असर सुरू. हनफी मजहबात मूळ सावली अधिक उंचीच्या दुप्पट. आपल्याकडे बहुसंख्य हनफी. पण कोकणातून आणि भटकळकडून आलेली शाफई घरंही बेळगाव-खानापुरात आहेत, म्हणून तक्त्यात दोन्ही रकाने असावेत असा माझा आग्रह असतो. २१ डिसेंबरला बेळगावात शाफई असर ३:४२ ला आणि हनफी ४:३० च्या सुमारास. २१ मार्चला ४:०१ आणि ५:०१. २१ जूनला ३:५९ आणि ५:१०. म्हणजे फरक पाऊण तासापासून सव्वा तासाच्या आतपर्यंत बदलत जातो.

मूळ सावली, जिला साया असली म्हणतात, ती विसरून चालत नाही. डिसेंबरमध्ये एक मीटरच्या काठीची दुपारची सावली बेळगावात ८२ सेंटिमीटर असते. मेच्या पहिल्या आठवड्यात, ४ तारखेच्या सुमारास, ती शून्य होते. ९ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा शून्य. मधल्या तीन महिन्यांत सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती १३ सेंटिमीटर असते. गणितात अक्षांश आणि क्रांती यांच्या फरकातलं उणे चिन्ह तसंच ठेवलं तर या तीन महिन्यांत असर चुकते. फरक नेहमी धन धरायचा. तयार तक्ता तपासताना मी जूनची असर सगळ्यात आधी पाहतो.

राहिली खबरदारीची मिनिटं. हवेच्या थरांमुळे क्षितिजावरचा सूर्य रोज सारखा वाकलेला दिसत नाही, गाव दोन-चार किलोमीटर पसरलेलं असतं, भिंतीवरचं घड्याळ पुढे-मागे होतं. म्हणून दोन-तीन मिनिटं ठेवावीत. पण कोणत्या बाजूला, हे प्रत्येक वेळेचं वेगळं. सहरी संपण्याची वेळ अलीकडे आणायची, फजरची अजान पलीकडे न्यायची. सूर्योदय अलीकडे. जोहर, असर, मगरिब, इशा पलीकडे. सहरीचा शेवट आणि फजरची अजान यांना तक्त्यात एकच आकडा देणं चुकीचं आहे, कारण एकाच आकड्यात दोन उलट दिशांची खबरदारी मावत नाही. दोन रकाने करा. मगरिबला दोन मिनिटं पुरेत. इफ्तारला घाई करण्याची शिकवण सहीह हदीसमध्ये आहे. खबरदारीच्या नावाखाली पाच-सात मिनिटं लोकांना ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

तक्ता झाला की पडताळा घ्या. मशिदीच्या गच्चीवर ओळंब्याने सरळ केलेली काठी उभी करा आणि साडेबाराच्या आसपास दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सगळ्यात आखूड सावलीची वेळ तक्त्यातल्या जवालशी जुळली पाहिजे. सावली त्या सुमारास फार हळू बदलते, म्हणून दोन्ही बाजूंच्या सारख्या लांबीच्या खुणा घेऊन त्यांच्या वेळांचा मध्य काढला तर उत्तर जास्त नेमकं येतं. मग फेब्रुवारीत एखाद्या स्वच्छ संध्याकाळी मोकळ्या माळावरून सूर्यास्त पाहा. वेळ मोबाइलची घ्या, मशिदीच्या घड्याळाची नको. जमातीतली चार माणसं, त्यांत एखादा तरुण आणि एखादा बुजुर्ग, सोबत असू द्या. तुमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांसमोर एकदा झाली की तक्त्यावरचा विश्वास आपोआप बसतो.

तक्ता इंग्रजी तारखांप्रमाणे करा, चांद्र तारखांप्रमाणे नको. सूर्य दरवर्षी त्याच तारखेला जवळजवळ त्याच जागी असतो, लीप वर्षाने पडणारा फरक मिनिटाच्या आसपास, तो खबरदारीत जिरतो. असा दायमी (कायमचा) तक्ता एकदा केला की वर्षानुवर्षं चालतो. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून गेल्या वर्षीचा सहरी-इफ्तारचा कागद रोजांच्या क्रमाने पुन्हा छापू नका. नव्या तारखा घेऊन दायमी तक्त्यातून उतरवा. उदाहरणार्थ, १९ फेब्रुवारी ते २० मार्च या महिन्यात बेळगावचा सूर्यास्त ६:३६ वरून ६:४३ वर, जेमतेम सहा-सात मिनिटांनी सरकतो; पहाट मात्र ५:४३ वरून ५:२५ वर येते, अठरा मिनिटांनी. कागद जुना असेल तर नुकसान सहरीत होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तक्त्याच्या तळाशी पाच गोष्टी ठळक छापा: गावाचं नाव आणि अक्षांश-रेखांश, फजर-इशाचे अंश, असरची पद्धत, खबरदारीची मिनिटं आणि ती कोणत्या बाजूला धरली आहेत ते, आणि गावाची उंची धरलेली नाही ही नोंद. जमातीची वेळ वेगळ्या फळ्यावर लिहा. तिला या तक्त्यात जागा देऊ नका, कारण ती लोकांच्या सोयीने बदलते आणि मग पुढच्या पिढीला तीच मूळ वेळ वाटू लागते. निपाणीपुरता आधी फक्त येत्या रमजानचा तक्ता करा, पेश इमाम आणि तुमच्या भागातल्या आलिमांना दाखवून अंश आणि मिनिटं नक्की करून घ्या, आणि मग वर्षभराचा करायला घ्या. दर पाच दिवसांची वेळ काढली तरी पुरते, मधले दिवस सरळ भागाकाराने भरता येतात. एका माणसाचं दोन संध्याकाळचं काम आहे; आकडे दुसऱ्याने एकदा तपासलेले असावेत एवढंच.